छिंगमिंगची तयारी : छिंगथुआन, घरचे पान आणि कबरीवरील विधींचा क्रम

शांघाय, सुझोऊ, निंगबो या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या किंवा लग्नाने चिनी घरात गेलेल्या मराठी मंडळींकडून दरवर्षी मार्चअखेरीस, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडून त्यांना नैवेद्य दाखवण्याच्या छिंगमिंग या चिनी सणाच्या तोंडावर, मला दोन प्रश्न येतात. घरी केलेले हिरवे छिंगथुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे सारण भरून वाफवलेले गोळे, दुसऱ्या दिवशी कडक का होतात, हा पहिला; आणि कबरीवर पोहोचल्यावर आधी काय आणि नंतर काय करायचे, हा दुसरा. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. आपल्याकडे नैवेद्य गरम वाढण्याची सवय असते. छिंगमिंगचे पदार्थ मात्र आदल्या दिवशी करून, गार झाल्यावर, अनेकदा उघड्यावर उभ्याने खाण्यासाठी असतात आणि सगळी तयारी त्या हिशेबाने मागे मोजत न्यावी लागते. खालील क्रम च्यांगनान प्रदेशातला, म्हणजे यांगत्से नदीच्या मुखाकडील दक्षिण भागातला आहे. तो मी निंगबोच्या एका घरात, तिथल्या आजींच्या हाताखाली शिकले.

टप्पा १ : दिवस आणि घराण्याची रीत नक्की करणे (किमान तीन आठवडे आधी)

छिंगमिंग हा सौर दिवस आहे. वसंतसंपातानंतर सुमारे पंधरा दिवसांनी, म्हणजे 4 किंवा 5 एप्रिलला तो येतो. 2026 आणि 2027 या दोन्ही वर्षी तो 5 एप्रिलला आहे. चिनी चांद्र पंचांगात त्याची तिथी शोधणारे हमखास चुकतात, कारण तो तिथीला बांधलेलाच नाही. आपल्या पितृपक्षाशी सांगड घालून काही जण त्याची गल्लत सातव्या चांद्र महिन्यातील पौर्णिमेच्या भूतपितरांच्या सणाशी करतात. तो सण वेगळा आहे आणि त्याचे विधीही वेगळे आहेत.

2008 पासून चीनमध्ये छिंगमिंगला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अफाट गर्दी होते. शांघायमधील अनेक कुटुंबांच्या कबरी सुझोऊच्या परिसरात असल्याने हा प्रवासच अर्धा दिवस खातो. प्रथेनुसार मुख्य दिवसाच्या काही दिवस आधी किंवा नंतर गेले तरी चालते. मात्र ज्या घरात अलीकडे मृत्यू झाला आहे तिथे नव्या कबरीसाठी वेगळा, बहुधा अधिक कडक नियम असतो. म्हणून दिवस आपण ठरवू नये, घरातील ज्येष्ठांना विचारावा. काही दफनभूमींत या दिवसांत आगाऊ नोंदणीही करावी लागते.

त्याच वेळी घराणे मूळचे कुठले हेही विचारून घ्यावे. फूच्यान आणि तैवानकडील घरात भाज्या आणि दाण्याचे गोड कूट भरलेली पातळ पोळीची गुंडाळी, रुनपिंग, मुख्य असते. ग्वांगडोंगकडच्या घरात भाजलेले डुकराचे मांस, अख्खी कोंबडी आणि ऊस कबरीवर जातो. सिंगापूर-मलेशियातील चिनी कुटुंबे बहुतांशी या दक्षिणेकडील घराण्यांतली आहेत, त्यामुळे तिथल्या मराठी वाचकांनी पुढील पाककृती जरूर करावी, पण विधींचा तपशील त्या घरातूनच घ्यावा.

टप्पा २ : सामान (आठवडाभर आधी)

सोळा छिंगथुआनांसाठी चिकट तांदळाचे पीठ 200 ग्रॅम, गव्हाचे सत्त्व 40 ग्रॅम, आयत्साव या वनस्पतीची कोवळी पाने 100 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम आणि वास नसलेले तेल 15 ग्रॅम लागते. सारणासाठी लाल चवळीसारखे बारीक तांबडे दाणे (अझुकी; पुढे यांनाच चवळी म्हटले आहे) 150 ग्रॅम, साखर 90 ग्रॅम आणि तेल 30 ग्रॅम घ्यावे. जुन्या रीतीत दोन्ही ठिकाणी तेलाऐवजी डुकराची चरबी असते. शाकाहारी वाचकांनी हे लक्षात ठेवावे की बाजारात मिळणाऱ्या गोड छिंगथुआनांच्या सारणातही ती बऱ्याचदा असते. विकत घेताना स्पष्ट विचारावे.

सर्वांत मोठी चूक पिठाची. मोदकाची पिठी इथे अजिबात चालत नाही. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी शिजल्यावर चिकट होतो, म्हणून त्याचे पीठ चालेल असे अनेकांना वाटते, परंतु तेही चालत नाही. आपल्या नेहमीच्या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च चांगल्या प्रमाणात असतो आणि शिजवलेले पीठ गार होताना तोच त्याला घट्ट व कडक करतो. गार मोदकाची पारी सकाळी चिवट लागते ती त्यामुळेच. खऱ्या चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतो, म्हणून त्याचा गोळा गार झाल्यावरही लवचीक राहतो. भारतात असाल तर थाई किंवा चिनी पदार्थांचे सामान ठेवणाऱ्या दुकानात हे पीठ मिळते. पाकिटावर चिकट तांदूळ असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावे.

गव्हाचे सत्त्व म्हणजे कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो तोच, वाळवून बारीक केलेला. ते घातल्याने छिंगथुआनाचा आकार टिकतो. नुसत्या चिकट पिठाचे गोळे वाफेत पसरून पापडासारखे बसतात.

आयत्साव ही दवण्याच्याच कुळातली वनस्पती आहे, पण आपला दवणा तिची जागा घेऊ शकत नाही. त्याचा वास फार उग्र आणि वेगळ्या जातीचा असतो. रानातून दिसायला सारखे पान तोडून आणण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. आयत्साव मिळत नसेल तर 150 ग्रॅम पालक घ्यावा. चिनी घरांतही पालक सर्रास वापरतात. सुगंध जातो, रंग राहतो.

> सावधान : आयत्साव ही औषधी वनस्पती आहे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती खाऊ नये. त्यांच्यासाठी पालकाचे निराळे करावेत.

टप्पा ३ : सारण (दोन दिवस आधी)

चवळी रात्रभर भिजवावी, पाणी बदलून कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतकी मऊ शिजवावी आणि पुरणयंत्रातून किंवा चाळणीवरून घासून काढावी. साले राहिली तर सारण खरखरीत लागते. राजमा वापरू नये, त्याचे साल जाड असते आणि चवही वेगळी येते. पातळ झालेला लगदा जाड बुडाच्या कढईत साखरेसह मध्यम आचेवर आटवावा, तेल तीन हप्त्यांत घालावे आणि आधीचे मुरल्याखेरीज पुढचे घालू नये.

पुरणाची कसोटी इथे तंतोतंत लागू पडते : उलथणे मध्ये रोवले तर ते उभे राहिले पाहिजे. किंबहुना पुरणापेक्षाही थोडे कोरडेच असावे, कारण सैल सारण वाफेत पाणी सोडते आणि पारी आतून फुटते. गार झाल्यावर प्रत्येकी 20 ग्रॅमच्या गोळ्या वळून, झाकून, फ्रीजमध्ये ठेवाव्यात. गार गोळी भरायला फार सोपी जाते.

टप्पा ४ : हिरवा लगदा (आदल्या दिवशी सकाळी)

पानांचे देठ काढून फक्त कोवळे शेंडे ठेवावेत. एक लिटर पाणी खळखळून उकळू द्यावे, त्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घालावा आणि पाने एक ते दोन मिनिटेच बुडवावीत. सोड्याने हिरवा रंग टिकतो, पाने मऊ पडतात आणि आयत्सावचा कडूपणाही उतरतो. पाने लगेच थंड पाण्यात काढून, दोन-तीन पाणी बदलून धुवावीत. सोड्याचा अंश राहिला तर छिंगथुआनाला साबणासारखी चव येते आणि ती पुढे कशानेही झाकता येत नाही.

पाने घट्ट पिळून, पाऊण वाटी पाण्यासह मिक्सरमध्ये गंधासारखी बारीक वाटावीत. तयार लगदा सुमारे 170 ग्रॅम भरावा. पालकात मुळातच पाणी जास्त असते, त्यामुळे तो वाटताना आधी निम्मेच पाणी घ्यावे.

> तपासणी : लगद्याचा थेंब पांढऱ्या बशीवर टाकून पाहावा. रंग गडद आणि स्वच्छ हिरवा दिसला पाहिजे. तो शेवाळी दिसला तर पाने जास्त शिजली आहेत किंवा थंड पाण्यात टाकायला उशीर झाला आहे. वाफवल्यावर रंग आणखी मंदावतो, सुधारत नाही. अशा वेळी नवी पाने घेणेच बरे.

टप्पा ५ : उकड (आदल्या दिवशी दुपारी)

गव्हाचे सत्त्व एका वाडग्यात घेऊन त्यावर 60 मिलिलिटर उकळते पाणी एकदम ओतावे आणि चमच्याने भराभर ढवळावे. पांढरट पीठ अर्धपारदर्शक, चिकीसारखे दिसू लागले की ते शिजले. पाणी नुसते गरम असेल तर सत्त्व कच्चे राहते आणि पुढे पारीला चिरा पडतात. किटलीतून थेट ओतावे.

दुसऱ्या परातीत चिकट पीठ आणि साखर एकत्र करून त्यावर गरम केलेला हिरवा लगदा तीन-चार वेळा थोडा थोडा घालावा, मग शिजलेले सत्त्व आणि शेवटी तेल घालून मळावे. आजी मळताना प्रमाण कधी मोजत नसत. त्या लिंबाएवढा गोळा काढून त्यावर अंगठा दाबत आणि कडा निरखून पाहत. कड गुळगुळीत राहिली तर पीठ झाले. केसाएवढी जरी चीर दिसली तरी ओला हात फिरवून पुन्हा मळत. कानाच्या पाळीइतके मऊ, हे त्यांचे शब्द आजही माझ्या हाताला उपयोगी पडतात.

मळूनही चिरा जात नसतील तर नुसते पाणी वाढवत बसू नये, त्याने पीठ सैल होते पण जुळून येत नाही. पिठातला लिंबाएवढा गोळा चपटा करून उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवावा आणि गरम असतानाच उरलेल्या पिठात मळून घालावा. त्याच्या चिकटपणाने सगळे पीठ बांधले जाते. पीठ ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे मुरू द्यावे.

टप्पा ६ : भरणे आणि वाफवणे

पिठाचे 30 ग्रॅमचे सोळा गोळे करावेत. हाताला तेल लावून गोळ्याची खोलगट वाटी करावी. तळ जाड आणि कडा पातळ असाव्यात. सारणाची गोळी ठेवून, कडा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून हळूहळू वर ओढत तोंड बंद करावे. मोदकाच्या पाकळ्या काढण्याचा मोह टाळावा : छिंगथुआन संपूर्ण गुळगुळीत असतो आणि घडी राहिली तर तिथूनच तो उकलतो. बंद केलेली बाजू खाली ठेवून प्रत्येक गोळा तेल लावलेल्या कागदाच्या तुकड्यावर ठेवावा. दोन गोळ्यांत दोन बोटांचे अंतर हवे.

मोदकपात्र उत्तम चालते. पाणी पूर्ण उकळून वाफ धरल्यावरच गोळे आत ठेवावेत, झाकणाला कोरडे फडके बांधावे म्हणजे वरून पाणी ठिबकत नाही, आणि मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटे वाफवावे. चौथ्या आणि आठव्या मिनिटाला झाकण क्षणभर किलकिले करून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी. फार प्रखर आच आणि वीस-वीस मिनिटे वाफवणे ही मोदकाची सवय इथे नडते. गोळे फुगून फुटतात आणि खाली बसतात.

बाहेर काढल्यावर मिनिटभराने, गरम असतानाच, ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवावा. त्याने वरचा भाग सुकत नाही आणि ती ओळखीची चमक येते. पूर्ण गार झाल्यावर प्रत्येक वेगळा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळावा.

> सावधान : दुसऱ्या दिवशी खायचे छिंगथुआन फ्रीजमध्ये ठेवू नयेत. चिकट तांदूळ असला तरी फ्रीजच्या थंडीत तो घट्ट होतोच. ते घरातील थंड जागी झाकून ठेवावेत आणि दुसऱ्याच दिवशी संपवावेत. खारवलेल्या अंड्याचे बलक किंवा मांसाचे सारण असेल तर मात्र ते बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. ते त्याच दिवशी करून खावेत आणि पूर्वजांसाठी न्यायला चवळीचेच करावेत.

टप्पा ७ : घरचे पान

अनेक घरांत कबरीवर जाण्याआधी किंवा जाणे शक्य नसल्यास त्याऐवजी घरी पूर्वजांना जेवण वाढतात. त्याला मँडरिनमध्ये कंगफान म्हणतात. आपल्याकडच्या श्राद्धाच्या पानाची आठवण येते खरी, पण मांडणी निराळी आहे. चौकोनी मेजाच्या तीन बाजूंना खुर्च्या, वाडगी, जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) आणि मद्याचे पेले मांडतात. चौथी बाजू मेणबत्त्या आणि उदबत्त्यांसाठी मोकळी ठेवतात. मासा, डुकराचे मांस, तळलेला टोफू, हिरवी भाजी, भात आणि गोडात छिंगथुआन, असा साधारण बेत असतो.

क्रम असा : आधी सगळे पदार्थ मांडून पूर्ण करावे, मग मेणबत्त्या लावाव्यात, त्यानंतर उदबत्त्या, आणि मग ज्येष्ठांनी पूर्वजांना बोलवावे. उदबत्ती लावल्यानंतर स्वयंपाकघरातून एखादी विसरलेली वाटी आणून ठेवणे अयोग्य मानतात, कारण पाहुणे तोवर बसलेले असतात. शाओशिंगचे पिवळे मद्य थोडे थोडे तीन वेळा ओततात. वयाच्या क्रमाने सर्वजण वाकून नमस्कार करतात.

या वेळेत मेजाजवळून जाताना खुर्चीला धक्का लावू नये. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. मी पहिल्या वर्षी रिकामी दिसली म्हणून एक खुर्ची जरा बाजूला सरकवली होती. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून पुन्हा जागेवर ठेवली आणि तिच्याकडे पाहून मान लववली. विधी संपल्यावर त्या स्वतः प्रत्येक खुर्ची किंचित हलवत, तेव्हाच पान उचलायचे असे आम्हाला कळे. उचललेले पदार्थ पुन्हा गरम करून मगच घरच्यांनी जेवायचे असते. पूर्वजांआधी चव पाहणे सर्वथा टाळावे, मीठ अंदाजानेच घालावे. हे मराठी गृहिणीला वेगळे सांगायला नको.

टप्पा ८ : कबरीवर

पिशवीत केरसुणी, दोन फडकी, पाण्याची बाटली, बारीक ब्रश व रंग, पांढरी किंवा पिवळी शेवंती, उदबत्त्या, मेणबत्त्या, मद्य, तीन पेले, काड्या, फळे आणि छिंगथुआन असावेत. कपडे साधे, फिक्या किंवा गडद रंगाचे असावेत, लाल नकोत. सकाळीच निघावे, दुपार टळल्यावर जाणे बहुतेक घरांत टाळतात.

1. स्वच्छता. पोहोचताच पदार्थ काढू नयेत. आधी गवत उपटावे, पाला झाडावा, शिळा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. या विधीच्या साओमू या नावाचा अर्थच कबर झाडणे असा आहे.

2. अक्षरांना रंग. शिळेवरील अक्षरांचा रंग उडाला असेल तर तो ज्या रंगात होता त्याच रंगात भरावा. इथे फार सांभाळावे लागते : जोडीच्या कबरीवर हयात जोडीदाराचे नाव लाल रंगात असते आणि मृत्यूनंतरच ते बदलतात. एकसारखे दिसावे म्हणून ते काळे किंवा सोनेरी करणे म्हणजे जिवंत माणसाला मेलेल्यांत मोजणे होय. शंका असेल तर ब्रश घरातील माणसाच्या हाती द्यावा.

3. भूमिदेवता. कबरीच्या बाजूला हौथू या भूमिदेवतेचा छोटा दगड असल्यास पहिली उदबत्ती आणि थोडा नैवेद्य तिथे ठेवावा. तिच्या जागेत आपले माणूस विसावले आहे, म्हणून तिला आधी विचारायचे. ही पायरी सर्वाधिक विसरली जाते.

4. नैवेद्य. शिळेसमोर फुले, पेले, काड्या, फळे आणि छिंगथुआन मांडावेत. छिंगथुआनाचे प्लास्टिक काढून ठेवावे. कोणताही पदार्थ चार नगांत मांडू नये, कारण चिनी भाषेत चार आणि मृत्यू हे शब्द उच्चाराने जवळजवळ सारखे आहेत.

5. उदबत्ती आणि नमस्कार. आधी मेणबत्त्या, मग प्रत्येकाने तीन उदबत्त्या. ज्योत तोंडाने फुंकू नये, हाताने वारा घालून विझवावी. दिव्याला फुंकर घालू नये हे आपणही पाळतोच. ज्येष्ठापासून सुरुवात करून तीनदा वाकावे. सून किंवा जावई म्हणून प्रथमच आलेल्या व्यक्तीची ओळख घरातील ज्येष्ठ पूर्वजांना मोठ्याने करून देतात. तेव्हा पुढे होऊन शांत उभे राहावे.

6. मद्य आणि कागद. पेल्यातील मद्य तीन वेळा शिळेसमोर जमिनीवर ओतावे. कागदी पैसे आणि चंदेरी वर्खाच्या घडीच्या विटा शेवटी जाळतात.

> सावधान : अनेक सार्वजनिक दफनभूमींत उघड्यावर काहीही जाळण्यास बंदी आहे, कारण एप्रिलच्या वाऱ्यात टेकड्यांवरचे सुके गवत चटकन पेटते. कागद फक्त नेमलेल्या भट्टीतच जाळावेत. भट्टी नसेल तर फुलांवर थांबावे, आणि बंदी असल्यास उदबत्तीही न लावता नमस्कार करावा. शेजारच्या कबरींवर पाय पडू देऊ नये. फोटो काढण्यापूर्वी घरच्यांना विचारावे.

उदबत्त्या बऱ्याचशा जळेपर्यंत थांबावे. ही पूर्वजांच्या जेवणाची वेळ असते; या वेळात घरातली वर्षभराची खबर त्यांना सांगतात. मग शेवटचा नमस्कार करून नैवेद्य उचलावा. एखादा छिंगथुआन तिथेच, गार, उभ्याने वाटून खातात, आणि आदल्या दिवशीचे पीठ कसे जमले याची खरी परीक्षा तिथे होते. अन्न मागे सोडून येऊ नये, त्यावर प्राणी येतात.

टप्पा ९ : परतल्यावर

आणलेली फळे आणि पदार्थ घरात सर्वांना वाटावेत, ते प्रसादासारखेच मानले जातात. या दिवसांत नदीतल्या छोट्या शंखांच्या गोगलगायी आले-कांदापातीवर परतून करतात. छिंगमिंगची गोगलगाय हंसाच्या तोडीची असते अशी तिथे म्हणच आहे. ती मात्र जिवंतांच्या ताटासाठी. ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर खावी.

उरलेले छिंगथुआन थोडे घट्ट वाटले तर पाच मिनिटे वाफवावेत. मायक्रोवेव्हमध्ये ते वितळल्यासारखे पसरतात. जास्त केलेले टिकवायचे असतील तर वाफवण्याआधीच, कच्चे, एकमेकांपासून सुटे ठेवून फ्रीजरमध्ये घालावेत आणि न वितळवता थेट पंधरा मिनिटे वाफवावेत.

त्याच संध्याकाळी एका वहीत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : शिळेवरील कोणत्या अक्षरांचा रंग उडत आला आहे, कुठला रंग कोणत्या नावाला आहे, दफनभूमीच्या देखभाल शुल्काची मुदत कधी संपते, आणि पिठात शेवटी किती लगदा लागला.